मंगळाबद्दल हे कळले कसे?

‘मंगळावर पूर्वी पाणी वाहत होते’ हे वाक्य मुलांच्या पुस्तकांत, वर्गातल्या तक्त्यांवर आणि सामान्यज्ञानाच्या स्पर्धांत आता इतके रुळले आहे की ते ऐकून कुणाला नवल वाटत नाही. सहावीतला मुलगा ते घडाघडा म्हणून दाखवेल. ‘पण हे पाहिले कुणी?’ असे विचारले की तो अडतो, आणि खरे तर मोठी माणसेही तिथेच अडतात. उत्तर मात्र मुळीच अवघड नाही. ६ ऑगस्ट २०१२ रोजी ‘क्युरिऑसिटी’ ही बग्गी मंगळावरच्या गेल विवरात उतरली आणि काही आठवड्यांतच तिच्या कॅमेऱ्यांना जमिनीतून वर आलेला एक फुटका थर दिसला. त्यात वाळूत घट्ट बसलेले गोटे होते आणि त्यातले बरेचसे गोलसर होते. नदीकाठच्या गावातल्या मुलाला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. क्रशरवरून आलेल्या खडीला कोपरे असतात, हातात घेतली तर ती टोचते. पात्रातला गोटा पाण्याबरोबर गडगडत, इतर गोट्यांवर घासत आलेला असतो, म्हणून तो गुळगुळीत असतो. वारासुद्धा दगड घासतो, हे खरे. पण सुपारीएवढा गोटा उचलून दूर नेण्याची ताकद वाऱ्यात नसते, आणि मंगळावरच्या हवेचा दाब तर आपल्या हवेच्या दाबाच्या एक टक्क्याहूनही कमी. गोट्यांच्या आकारमानावरून शास्त्रज्ञांनी त्या ओढ्याचा अंदाजही बांधला: पाणी घोट्यापासून कमरेपर्यंत, आणि वेग साधारण माणसाच्या चालीचा.

मंगळ शिकवायचा तर असा शिकवावा, एवढेच या लेखाचे म्हणणे आहे. आधी दगड पाहावा, मग प्रश्न विचारावा, मग निष्कर्ष काढावा, आणि त्या निष्कर्षावर किती भिस्त ठेवायची तेही ठरवावे. आज आपण सुरुवातच शेवटापासून करतो. ग्रहांच्या तक्त्यात मंगळाच्या वाट्याला एक ओळ येते: सूर्यापासून सरासरी २२ कोटी ८० लाख किलोमीटर, वर्ष ६८७ दिवसांचे, दिवस आपल्यापेक्षा जेमतेम चाळीस मिनिटांनी मोठा, उपग्रह दोन, रंग तांबडा. यात चूक काही नाही. पण या माहितीचे पुढे काय करायचे ते मुलाला ठाऊक नसते, म्हणून परीक्षा झाली की ती विसरली जाते. मंगळयानाचे तर आपण पार सामान्यज्ञान करून टाकले आहे. ५ नोव्हेंबर २०१३ ला उड्डाण, २४ सप्टेंबर २०१४ ला मंगळाच्या कक्षेत, पहिल्याच प्रयत्नात यश, खर्च सुमारे साडेचारशे कोटी रुपये. अभिमान वाटावा अशीच ही कामगिरी आहे. पण त्याच महिन्यात, १८ नोव्हेंबरला, अमेरिकेचे ‘मेव्हन’ यानही मंगळाकडे निघाले आणि आपल्या यानाच्या दोनेक दिवस आधी तिथे पोहोचले. २०२० च्या जुलैत संयुक्त अरब अमिराती, चीन आणि अमेरिका या तिघांची याने दोन आठवड्यांच्या आत सुटली. ‘सगळ्यांना एकाच वेळी कशी काय आठवण झाली?’ हा प्रश्न वर्गात विचारला जायला हवा. पृथ्वी रोज सूर्याभोवती एका अंशाहून थोडी कमी सरकते आणि मंगळ अर्ध्या अंशाहून किंचित जास्त. म्हणजे पृथ्वी मंगळापेक्षा रोज साधारण ०.४६ अंश पुढे जाते. ३६० अंशांची पूर्ण फेरी पुढे जाऊन तिने मंगळाला पुन्हा गाठायला सुमारे ७८० दिवस, म्हणजे २६ महिने लागतात. कमी इंधनात तिकडे जाण्याची संधीही याच हिशेबाने येते. हा भागाकार वहीत स्वतः केलेल्या मुलाला मंगळयानाची तारीख नुसती पाठ करावी लागणार नाही. ते तेव्हाच का निघाले, हे त्याला कळलेले असेल.

मंगळाची निवड करण्याचे आणखी एक कारण आहे, आणि माझ्या मते तेच सर्वांत मोठे. या ग्रहाने भल्याभल्यांना चकवले आहे. १८७७ मध्ये मंगळ पृथ्वीच्या बराच जवळ आला असताना मिलानचे खगोलशास्त्रज्ञ जोव्हान्नी स्कियापारेल्ली यांना दुर्बिणीतून त्याच्यावर सरळ रेघांचे जाळे दिसले. पुढे पर्सिव्हल लॉवेल या धनाढ्य अमेरिकी गृहस्थांनी १८९४ मध्ये ॲरिझोनातल्या फ्लॅगस्टाफला स्वतःची वेधशाळा उभारली आणि शेकडो रेघांचे नकाशे काढले. हे कालवे आहेत, सुकत चाललेल्या ग्रहावरच्या हुशार जीवांनी ध्रुवांवरचे पाणी आणण्यासाठी ते खोदले आहेत, असे ते ठासून सांगत. लॉवेल लबाड नव्हते. ते चिकाटीने रात्र रात्र निरीक्षण करत आणि जे दिसले तेच काढत. म्हणूनच त्यांची गोष्ट मुलांच्या कामाची आहे. खोटे बोलणाऱ्याची चूक पकडण्यात शिकण्यासारखे फारसे नसते. प्रामाणिक माणूस कसा चुकतो हे पाहणे जास्त उपयोगाचे.

ही चूक ओळखण्यात शाळकरी मुलांचा वाटा होता, हे आपल्याकडे फारसे कुणाला माहीत नाही. ग्रिनिचच्या वेधशाळेतले वॉल्टर माँडर यांना कालव्यांची शंका होती. तिथल्याच रॉयल हॉस्पिटल स्कूलचे मुख्याध्यापक इव्हान्स यांना सोबत घेऊन त्यांनी एक साधा प्रयोग केला आणि १९०३ मध्ये तो प्रसिद्ध केला. वर्गासमोर मंगळाचे चित्र लावले. चित्रात काळपट डाग होते, बारीक ठिपके होते, वेड्यावाकड्या खुणा होत्या. सरळ रेघ एकही नव्हती. मुले वेगवेगळ्या अंतरांवर बसवलेली. कालवे वगैरेंबद्दल त्यांना काहीही सांगितले नव्हते. दिसेल तसे काढा, एवढीच सूचना. जवळच्या मुलांनी ठिपके ठिपक्यांसारखे काढले. फार लांबच्यांना ते दिसलेच नाहीत. मधल्या अंतरावरच्या बऱ्याच मुलांनी मात्र नसलेल्या सरळ रेघा काढल्या. जेमतेम दिसणाऱ्या ठिपक्यांना डोळा आपोआप जोडतो, असा माँडर यांचा निष्कर्ष होता. लॉवेल यांनी ‘पोराटोरांचा सिद्धांत’ म्हणून त्याची टर उडवली. फ्रान्समध्ये कामिय फ्लामारियाँ यांनी तसाच प्रयोग केला, तेव्हा तिथल्या मुलांनी रेघा काढल्या नाहीत. म्हणजे प्रकरण तेवढ्यावर मिटले नाही, आणि हा भाग मुलांपासून लपवू नये. १९०९ मध्ये पॅरिसजवळच्या म्यूदाँ वेधशाळेतल्या प्रचंड दुर्बिणीतून युजीन अंतोनियादी यांनी पाहिले, तेव्हा कालव्यांच्या जागी विस्कळीत डागच दिसले. तरी हौशी लोकांच्या मनातून कालवे जायला आणखी अर्धे शतक लागले. हा प्रयोग जिल्हा परिषदेच्या कुठल्याही शाळेत एका कार्डशीटवर आणि काळ्या शाईवर होऊ शकतो. निकाल ग्रिनिचसारखा लागेल की फ्रान्ससारखा, हे आधी सांगता येत नाही, आणि शाळेतल्या प्रयोगांत असे सहसा घडत नाही. तिथे उत्तर पुस्तकात आधीच छापलेले असते आणि मुले त्याला जुळेल असे आकडे लिहितात, हे प्रयोगवही तपासणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

अशा चुका मुलांना दाखवल्या तर त्यांचा विज्ञानावरचा विश्वासच उडेल, ‘शास्त्रज्ञ आज एक म्हणतात, उद्या दुसरे’ असे ती म्हणू लागतील, अशी भीती काही शिक्षक आणि पालक व्यक्त करतात. ही भीती उगीच नाही. पण मंगळाचा पुढचा इतिहास पाहिला तर चूक आणि दुरुस्ती यांत काय फरक असतो ते दिसते. जुलै १९६५ मध्ये ‘मरिनर ४’ या यानाने मंगळाजवळून जाताना २२ चित्रे घेतली. चित्र म्हणजे प्रत्यक्षात आकडे होते: आडवे दोनशे आणि उभे दोनशे ठिपके, प्रत्येकाची छटा सांगणारा ० ते ६३ मधला एक अंक. एक चित्र पृथ्वीवर पोहोचायला सुमारे आठ तास लागत. पासाडेनाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीतल्या अभियंत्यांना संगणकाने चित्र तयार करेपर्यंतही धीर धरवेना. त्यांनी आकड्यांच्या कागदी पट्ट्या फळ्यावर एकाशेजारी एक लावल्या आणि अंकाप्रमाणे रंगीत खडूंनी हाताने रंगवल्या. (चौकटीच्या वहीत हे चौथीची मुलेही करतील, आणि डिजिटल कॅमेरा म्हणजे काय हे त्यांना त्या दिवशी कळेल.) चित्रांत कालवे नव्हते, आघाताची विवरे होती, चंद्रावर असतात तशी. झाले, मंगळ म्हणजे मेलेला ग्रह, असा निर्वाळा अनेकांनी दिला. पण त्या २२ चित्रांत मंगळाचा जेमतेम एक टक्का पृष्ठभाग आला होता. १९७१ च्या नोव्हेंबरात ‘मरिनर ९’ तिथे पोहोचले तेव्हा अख्खा ग्रह धुळीच्या वादळाखाली होता. वादळ निवळल्यावर अजस्र ज्वालामुखी, चार हजार किलोमीटर लांबीची दरी आणि कोरड्या नद्यांची पात्रे दिसली. पहिल्यांदा डोळ्याने फसवले होते, दुसऱ्यांदा थोडक्या नमुन्यावरून मोठे बोलण्याच्या घाईने फसवले. दोन्ही वेळा दुरुस्ती झाली ती नव्या पुराव्याने, कुणा मोठ्या माणसाच्या शब्दाने नाही. हे पाहिलेल्या मुलाचा विज्ञानावरचा विश्वास डळमळण्याचे कारण नाही. मते बदलली एवढेच पाहिलेल्या आणि ती का बदलली हे कधीच न ऐकलेल्या मुलाची मला जास्त काळजी वाटते. १९७६ मधला, एका टेकडीवर चेहरा भासवणारा ‘मंगळावरच्या चेहऱ्या’चा फोटो आजही फिरतो; २००१ मध्ये त्याच टेकडीचे स्पष्ट चित्र आले, ते कुणी पाहत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. मुलांना भागाकार नीट येत नाही, वाचताना ती अडखळतात, आणि तुम्ही मंगळाच्या गप्पा काय मारता? वाचन-गणिताचा पाया कच्चा आहे हे कुणी नाकारत नाही. प्रश्न असा की भागाकार शिकवण्यासाठी मंगळ आडवा येतो का. दर ऑगस्टमध्ये व्हॉट्सॲपवर एक संदेश न चुकता येतो: २७ ऑगस्टला मंगळ चंद्राएवढा दिसणार, असे दृश्य आयुष्यात पुन्हा नाही. त्याचे मूळ २००३ मध्ये आहे. त्या वर्षी २७ ऑगस्टला मंगळ खरोखरच पृथ्वीच्या खूप जवळ, ५ कोटी ५८ लाख किलोमीटरवर, आला होता. आता हे त्रैराशिक पाहा. चंद्राचा व्यास सुमारे ३,४७५ किलोमीटर, मंगळाचा सुमारे ६,८००, म्हणजे जवळपास दुप्पट. चंद्र सरासरी ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर आहे. तेव्हा मंगळ चंद्राएवढा दिसायचा तर तो साधारण साडेसात लाख किलोमीटरवर यावा लागेल. सर्वांत जवळ आला तेव्हासुद्धा तो याच्या सुमारे ७५ पट दूर होता. गंमत अशी की मूळ संदेशात ‘७५ पट मोठे करून दाखवणाऱ्या दुर्बिणीतून’ असे शब्द होते. पुढे पाठवता पाठवता ते गळाले. घरातल्या मोठ्यांनी डोळे झाकून पुढे पाठवलेला संदेश मुलाने त्रैराशिकाने खोटा ठरवला, तर त्या मुलाला त्रैराशिक कशासाठी असते ते वेगळे सांगावे लागेल का? मजुरांनी भिंत किती दिवसांत बांधली, हा प्रश्नही जरूर सोडवावा. पण तो एकटाच नको.

साधने नाहीत आणि शिक्षकांना हे येत नाही, या आक्षेपाचे अर्धे उत्तर आकाशातच आहे. मंगळ नुसत्या डोळ्यांनी दिसतो. १९ फेब्रुवारी २०२७ रोजी तो प्रतियुतीत असेल, म्हणजे सूर्य मावळताना पूर्वेला उगवेल आणि रात्रभर दिसेल. त्या दिवशी शिवजयंती आहे, शाळेला सुटी असेल. काम रात्रीचेच असल्यामुळे ती अडचण नाही. त्या सुमारास मंगळ सिंह राशीच्या ताऱ्यांमध्ये, मघेच्या आसपास असेल, आणि महाराष्ट्रात त्या दिवसांत आकाश बहुधा निरभ्र असते. डिसेंबर २०२६ पासून पुढच्या एप्रिलअखेरपर्यंत मुलांनी आठवड्यातून एकदा मघा आणि शेजारच्या ताऱ्यांच्या कागदी नकाशावर मंगळाची जागा ठिपक्याने नोंदवावी. जानेवारीत त्यांच्या लक्षात येईल की रोज पूर्वेकडे सरकणारा मंगळ थबकला आहे आणि आता उलटा चालला आहे. एप्रिलच्या सुरुवातीला तो पुन्हा सरळ चालू लागेल. वेगातल्या गाडीतून शेजारच्या रुळावरची संथ गाडी मागे पडताना ती उलट चालल्यासारखी वाटते, तसेच हे आहे. पण ते आधी सांगू नये. ठिपके आधी पडू द्यावेत. याच वेड्यावाकड्या चालीने योहानेस केप्लरना कित्येक वर्षे झुंजवले. टायको ब्राहे यांनी दुर्बीण नसताना घेतलेल्या वेधांशी केप्लरचे गणित बरेचसे जुळत होते, फक्त ८ कलांचा फरक उरत होता, म्हणजे पूर्ण चंद्राच्या रुंदीच्या साधारण चौथ्या भागाइतका. टायको एवढे चुकणार नाहीत, म्हणून केप्लरनी वर्तुळच सोडून दिले आणि १६०९ मध्ये मंगळाची कक्षा लंबवर्तुळाकार असल्याचे मांडले. शिक्षकाला यासाठी खगोलशास्त्राची पदवी लागत नाही. ‘मलाही माहीत नाही, चला बघू’ असे वर्गात म्हणण्याची मुभा मात्र त्याला हवी, आणि ती आपली व्यवस्था सहजी देत नाही.

मंगळ कधी वक्री होतो आणि कधी मार्गी, हे घराघरांतल्या पंचांगात छापलेले असते. मुलांनी आपले ठिपके त्या तारखांशी ताडून पाहावेत; पंचांगाचे गणित बरोबर निघेल. इथेच तो नाजूक प्रश्न येतो. आपल्याकडे पुष्कळ मुलींच्या कानावर मंगळ हा शब्द पहिल्यांदा पत्रिकेसंदर्भात पडतो: अमकीला मंगळ आहे, म्हणून स्थळ जुळत नाही. शाळेने यात पडू नये, घरच्यांच्या श्रद्धा दुखावतील, असे म्हटले जाते. शाळेने कुणाच्या घराविरुद्ध भाषण द्यावे असे माझेही मत नाही. पण ग्रहाची जागा अचूक सांगणे आणि त्या जागेवरून माणसाचे भविष्य सांगणे, हे दोन दावे वेगळे आहेत आणि दोन्ही तपासता येतात, इतके शिकवायला काय हरकत आहे? पहिला तपासण्याचे काम वर सांगितलेल्या नकाशावर होते. दुसऱ्या प्रकारच्या दाव्याची तपासणी डॉ. जयंत नारळीकर यांनी नरेंद्र दाभोलकर आणि इतर सहकाऱ्यांबरोबर महाराष्ट्रातच केली. शंभर हुशार आणि शंभर बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या पत्रिका जमवल्या. त्यांतल्या चाळीस-चाळीस पत्रिका प्रत्येक ज्योतिषाकडे पाठवून कोणती पत्रिका कोणत्या गटातली ते ओळखायला सांगितले. २७ जणांची उत्तरे आली आणि त्यांतली सरासरी ४६ टक्के बरोबर निघाली. नाणे उडवून उत्तरे दिली असती तरी पन्नासच्या आसपास बरोबर आली असती. हा प्रयोग लग्नातल्या मंगळाबद्दल नव्हता, हेही मुलांना सांगितलेच पाहिजे. कोणत्या पुराव्याने काय सिद्ध होते आणि काय होत नाही, हाच तर इथे शिकण्याचा विषय आहे.

मंगळासाठी अमेरिकेकडे पाहत बसण्याचेही कारण नाही. महाराष्ट्राचा बहुतेक भाग साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या काळ्या दगडावर वसला आहे, आणि मंगळाचा पृष्ठभागही मोठ्या प्रमाणात अशाच बेसॉल्टचा आहे. बेसॉल्टमध्ये पडलेले आघाती विवर पृथ्वीवर दुर्मीळ. लोणारचे, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे, त्यातले नावाजलेले. मंगळाचा अभ्यास करणारे म्हणूनच बुलडाण्यापर्यंत येतात. आपल्या शाळांच्या सहली तिथे जातात, दैत्यसूदनाचे मंदिर पाहतात, डबे खातात आणि परततात. विवराच्या काठावरचे थर वर का उचलले गेलेत, असा एक प्रश्न बसमधून उतरण्याआधी दिला तरी पुरे.

हे सारे परीक्षेत येत नाही, म्हणून होत नाही, हे खरे कारण आहे, आणि त्यावर तोड काढता येते. ‘मंगळाला उपग्रह किती?’ याऐवजी प्रश्नपत्रिकेत असे विचारता येईल: मरिनर ४ च्या २२ चित्रांवरून मंगळ मृत ग्रह आहे असे म्हणणे १९६५ मध्ये योग्य होते का? कारण द्या. (गुण २) तपासणाऱ्याची यात पंचाईत होईल, कारण नमुना उत्तरपत्रिका पुरी पडणार नाही. ‘योग्य होते, कारण तेव्हा एवढाच पुरावा हाताशी होता’ असे लिहिणारा मुलगा आणि ‘अयोग्य होते, कारण नव्व्याण्णव टक्के ग्रह पाहिलाच नव्हता’ असे लिहिणारी मुलगी, दोघांनाही पूर्ण गुण द्यावे लागतील; आणि कारण न देता नुसते ‘अयोग्य’ लिहिणाऱ्याला शून्य.